एक नग जास्त

माल कमी भरला तर माणूस भांडू शकतो. जास्त भरला तर काय करायचं, हे मोजसाहेबांना चौतीस वर्षांच्या नोकरीत कोणी शिकवलं नव्हतं.

मोजसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते पंपांच्या कारखान्यात भांडारपाल होते आणि आलेला माल स्वतःच्या हातानं मोजल्याशिवाय पावतीवर सही करत नसत, म्हणून कामगारांनी ठेवलेलं हे नाव. एकदा नटांची गोणी आली तेव्हा बारा हजार नट त्यांनी तीन दिवस बसून मोजले होते. वजन करून भागलं असतं, असं मॅनेजर म्हणाले. त्यावर मोजसाहेब म्हणाले, "वजन अंदाज सांगतं, साहेब, मोजणी खरं सांगते." आणि चौथ्या दिवशी पुन्हा एकदा मोजून खात्री करून घेतली. असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की घराचं काय होतं, ते ज्याच्या घरी बसतो त्यालाच विचारावं.

पहिल्या महिन्यातच स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर कार्ड लागलं. तारीख, आवक, जावक, शिल्लक. डब्यातून काही काढलं की नोंद करायची. मोजसाहेबांची बायको पुढच्या खोलीत बावीस वर्षं शिवणाचा वर्ग चालवत होती. अख्खी इमारत तिला बाई म्हणायची, आणि ती रागावली की मोजसाहेबही बाईच म्हणत. बाईंनी आठ दिवस मुकाट्यानं नोंदी केल्या. नवव्या दिवशी साखरेच्या कार्डावर जावकच्या रकान्यात 'माझा धीर' असं लिहिलं आणि शिल्लकच्या रकान्यात शून्य टाकलं.

मग बाईंनी लेकीला फोन केला. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती. तिनं आईचं सगळं ऐकून घेतलं आणि आठवड्याभरात बाबांच्या नावानं एक खोकं आलं. आत रेडिओ जोडायचं किट होतं. सुटे भाग, ते बसवायची एक हिरवी पाटी, तारा आणि सूचनांचा कागद. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, यातले भाग मोजा. वाटेल तितक्या वेळा मोजा. फक्त आईचे डबे सोडा."

बसायला जागा हवी होती. बाईंनी आपल्या कापड बेतायच्या टेबलाचा अर्धा भाग दिला, पण अटीवर. पंधरा दिवसांनी, सोमवारी, नवा वर्ग सुरू होणार होता. तोवर रेडिओ बोलला तर टेबलाचा डावा कोपरा कायमचा मोजसाहेबांचा. नाही बोलला तर सगळं टेबल बाईंचं आणि मोजसाहेबांनी दिवसभर फाटकाजवळच्या बाकावर जायचं. या बाकाची त्यांना मनापासून धास्ती होती. तिथं इमारतीतले तीन निवृत्त पुरुष सकाळी नऊला बसत आणि आपापल्या गुडघ्यांबद्दल बोलत. चौथ्याची जागा रिकामी होती. येता-जाता ते मोजसाहेबांकडे प्रेमानं बघत आणि थोडे सरकून बसत.

तेव्हा कामाला लागायचं म्हणून मोजसाहेबांनी पांढरं कापड अंथरलं, चष्मा पुसला आणि मोजायला सुरुवात केली. यादीत एकेचाळीस नग होते. निघाले बेचाळीस. पुन्हा मोजले, बेचाळीसच. यादीत ट्रान्झिस्टर तीन होते, पाकिटात चार निघाले. तीन पायांचे, काळे, तुरीच्या दाण्याएवढे. चौघेही एका आईच्या लेकरांसारखे दिसत होते. यातला आगंतुक कोण, हे त्यांच्या तोंडावरून सांगता येत नव्हतं.

"एक नग जास्त आहे," मोजसाहेब गंभीरपणे म्हणाले.

"मग बरंच झालं की," बाई बाही कापता कापता म्हणाल्या.

"बरं कसं? कमी आलं तर कोणीतरी चोरलं किंवा विसरलं, हे कळतं. जास्त का यावं? यामागे काहीतरी कारण असणार. ते कळल्याशिवाय काम सुरू करता येत नाही."

"पंधरा दिवस आहेत," बाई म्हणाल्या.

मोजसाहेबांनी कंपनीच्या संकेतस्थळावरचा तक्रार अर्ज उघडला. त्यात दोनच प्रकार होते: भाग कमी आणि भाग खराब. भाग जास्त अशी तक्रार या जगात कोणी करील, हे कोणाच्या डोक्यातच आलं नसावं. शेवटी 'इतर' असा एक रकाना सापडला. त्यात त्यांनी सविस्तर लिहिलं की, आपण पाठवलेल्या किटात एक ट्रान्झिस्टर जास्त आला आहे, तरी कृपया खुलासा करावा. तीन दिवसांनी कुरिअरनं पाकीट आलं. आत एक चिठ्ठी होती, 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत', आणि एक ट्रान्झिस्टर.

आता पाच झाले.

मोजसाहेबांनी पुन्हा लिहिलं, या वेळी अधिक कडक शब्दांत. 'कमी नव्हे, जास्त' हे शब्द त्यांनी तीन वेळा घातले. तीन दिवसांनी पाकीट आलं. अत्यंत दिलगीर आहोत. ट्रान्झिस्टर एक.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही, कारण बाईंच्या वर्गातून बातमी कापडाच्या आधी बाहेर पडते. बाकावरचे निवृत्त कंपाउंडर मुद्दाम वर आले. म्हणाले, "एक गोळी जास्त आली म्हणून कोणी डॉक्टरकडे जातं का? ठेवून द्या, पुढच्या तापाला होईल. आणि खाली या, हवा छान आहे." तळमजल्यावर लिफ्ट दुरुस्त करणारा राहायचा. शिसं वितळवून भाग पाटीला सोल्डर करायची गन त्याचीच आणली होती. तो म्हणाला, "साहेब, उरलेला भाग म्हणजे शुभच. आम्ही लिफ्ट उघडून परत लावली की एखादा स्क्रू नेहमी उरतो. लिफ्ट चालते की." मोजसाहेब चौथ्या मजल्यावर राहत. त्या दिवसापासून ते जिन्यानं जाऊ लागले.

जास्तीचा माल परत करणं हे आपलं कर्तव्य आहे, असं ठरवून ते टपाल कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनानं पाकीट हातात घेऊन हलवलं.

"आत काही नाहीये."

"आहे. तीन नग आहेत. हलके आहेत."

"किंमत काय लिहू?"

"ती मी कशी सांगणार? वस्तू माझी नाही."

"मग कोणाची?"

"ज्यांना पाठवतोय त्यांचीच."

कारकुनानं चष्मा वर केला. "त्यांची वस्तू त्यांनाच? तुमच्याकडे कशी आली?"

"न मागता आली."

"न मागता आलेली, कोणाची ते ठाऊक नाही, किंमत ठाऊक नाही आणि हलवली तर वाजत नाही," कारकून म्हणाला. "साहेब, रिकामं पाकीट घ्यायला आमची हरकत नसते, पण तुम्ही ते भरलेलं आहे म्हणताय." आणि त्यानं मागच्या माणसाला पुढं बोलावलं. मागचा माणूस मोजसाहेबांकडे करुणेनं बघत होता. चौतीस वर्षं लोक ज्यांच्या सहीसाठी दारात ताटकळले, त्यांच्यावर ही वेळ यावी, हे त्यांना फार लागलं.

घरी येऊन त्यांनी तिसरं पत्र लिहिलं. ते चार पानी होतं. उत्तरादाखल चार ट्रान्झिस्टरांचं अख्खं पाकीट आलं. एकूण नग दहा, लागणार तीन, आणि दिवस उरले पाच.

"खुलासा राहू द्या," बाई म्हणाल्या. "आधी जोडा तरी."

नाइलाजानं मोजसाहेबांनी सुरुवात केली. दहाही ट्रान्झिस्टरांच्या पोटावर आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. पहिले तीन घेतले आणि दोन दिवस खपून एकेक पाय पाटीवर सोल्डर केला. बोटांवर दोन फोड आले, बाईंच्या एका पिवळ्या अस्तराला भोक पडलं, त्याबद्दल जे ऐकायचं ते ऐकून झालं. शुक्रवारी सकाळी त्यांनी बॅटरी लावली आणि बटण फिरवलं. रेडिओ गप्प. साधी खरखरसुद्धा नाही. लिफ्टवाल्यानं येऊन पाटी उलटसुलट पाहिली. "जोडणी झकास आहे, साहेब. एखादा भाग मेलेला असणार."

"कुठला?"

"ते काय सांगावं? एकेक काढून, दुसरा घालून बघा."

मोजसाहेबांनी कागदावर हिशेब मांडला. दहातून तीन निवडायच्या एकशेवीस तऱ्हा. काढून पुन्हा सोल्डर करायला एका तऱ्हेला पाऊण तास. म्हणजे नव्वद तास. शिवाय पहिलाच ट्रान्झिस्टर काढताना त्याचा एक पाय तुटला आणि पाटीवरचा तांब्याचा ठिपका सालीसारखा सुटून वर आला. लिफ्टवाल्यानं तिथं तारेचा तुकडा लावून दिला खरा, पण मोजसाहेब हातातली गन खाली ठेवून नुसते बसून राहिले. भाग मेलेला आहे, हे लिफ्टवाला म्हणाला होता. त्यांना मात्र वाटत होतं की भाग ठीकच असणार, आपलेच हात आता कामाचे राहिले नाहीत. खिडकीतून बाक दिसत होता. कंपाउंडरांनी हात केला.

पण अंगातला भांडारपाल काही स्वस्थ बसू देईना. रेडिओ लागो न लागो, चौथा नग का आला, हे कळल्याशिवाय बाकावर जाऊन बसायचं म्हणजे अपुरी मोजणी सोडून घरी जाण्यासारखं होतं. शनिवारी सकाळी पाकिटावरचा पत्ता घेऊन, दोन बस बदलून ते कंपनीत गेले.

कंपनी म्हणजे टायरच्या दुकानावरची एक खोली निघाली. भिंतीला फळ्या, फळ्यांवर प्लॅस्टिकचे ट्रे, आणि मधे स्टुलावर एक पन्नाशीच्या ताई बसून पाकिटं भरत होत्या. एका हातानं भाग उचलायच्या, दुसऱ्यानं पाकीट मिटायच्या. मोजसाहेब दारातच थांबून बघत राहिले. हात बघून माणूस कळतो, आणि हे हात मोजणारे होते.

"मी ते..." त्यांनी सुरुवात केली.

"एक नग जास्तवाले का?" ताईंनी हातातलं पाकीट खाली ठेवलं. "या, या. बसा. मला तुम्हाला एकदा बघायचंच होतं."

"मी तीन वेळा लिहिलं की नग जास्त आलाय. तुम्ही प्रत्येक वेळी आणखी पाठवलात."

"अहो, अकरा वर्षं मी इथं पाकिटं भरतेय, तक्रारीही मीच वाचते. कमी आलं म्हणणारे रोज दोन-तीन. जास्त आलं म्हणणारे तुम्हीच पहिले. मला वाटलं, टोमणा मारताहेत. म्हणून एक पाठवला. तुम्ही पुन्हा तेच. म्हटलं, भलतेच चिडलेत. तिसरं पत्र वाचून तर मला रडूच यायचं राहिलं होतं."

"पण मी अगदी स्पष्ट लिहिलं होतं!"

"टोमणे माणसं स्पष्टच लिहितात, भाऊ."

मोजसाहेबांना हे पटलं, त्यामुळे ते जरा गोरेमोरे झाले. "मग पहिल्यांदा चौथा का घातला होता?"

ताईंनी दाराकडे पाहिलं. "मालकांना सांगणार नसाल तर सांगते. हे येतात ना, त्यात शेकड्याला चार-पाच मेलेले असतात. वरून सगळे सारखेच. तपासायला वेळ नाही, उसंत नाही. मग मी तीनच्या जागी चार घालते. एक मेला तर एक हाताशी असावा. यादीत लिहिलं तर मालक विचारतील, चार कशाला."

"तपासायचं यंत्र मिळतं ना?"

"आहे की. ते बघा, वरच्या फळीवर. तेही किटच होतं. मालकांनी स्वतः जोडलं. त्यातला एक भाग खराब निघाला."

"कुठला?"

"आता ते कसं कळणार? तपासायचं यंत्रच बंद."

मोजसाहेबांनी मान वर करून ते यंत्र पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "पण ज्यांचा रेडिओ लागतच नाही, ते तक्रार करत नाहीत?"

"एखादा करतो," ताई म्हणाल्या आणि पुन्हा पाकीट भरायला लागल्या. "बाकीचे नाही करत. त्यांना वाटतं, भाग ठीकच असणार, आपल्यालाच जमलं नाही. मग देतात टाकून माळ्यावर."

आदल्या दिवशीचं आपलं मन कोणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावं, तसं मोजसाहेबांना झालं. बसमध्ये बसल्यावर त्यांना आधी फार बरं वाटलं आणि मग फार वाईट वाटलं. घराघरांतल्या माळ्यांवर किती रेडिओ पडले असतील आणि त्यांच्याखाली किती माणसं स्वतःला बिनकामाची समजून जेवत असतील, याची मोजदाद ते घर येईपर्यंत करत होते. ती काही जमली नाही.

बाईंनी दारातच विचारलं, "काय म्हणाले कंपनीवाले?" आणि मोजसाहेबांनी चपला काढता काढता सगळं सांगितलं. बाई मधे मधे प्रश्न विचारत होत्या. शेकड्याला नेमके किती? वरून खरंच कळत नाही? वास येत नाही? बाईंना ट्रान्झिस्टरांशी काही देणंघेणं नव्हतं, पण कुठं उसवलंय हे कळल्याशिवाय त्यांनाही झोप यायची नाही. मोजसाहेबांच्या हे तीस-एक वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

रविवारी सकाळी त्यांनी टेबलावरचं सामान आवरायला घेतलं. दिलेला शब्द म्हणजे शब्द. नग डबीत भरले, गन पुसली.

"हे काय चाललंय?" बाई आल्या.

"उद्या तुमचा वर्ग. नव्वद तासांचं काम आहे, एका दिवसात होणार नाही."

"नव्वद तास कशाला लागतात?"

"प्रत्येक भाग सोल्डर करायचा, बघायचं, उपटायचा, दुसरा सोल्डर करायचा..."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, पहिल्याच टाक्याला कोणी पक्की शिलाई मारतं का? कापड बेतलं की आधी कच्चा दोरा घालतात. अंगावर घालून बघतात. कुठं ओढतंय, कुठं झोळ येतोय, ते बघून उसवतात. मग मशीन. तुम्ही पंधरा दिवस माझ्या टेबलावर बसलात, समोर रोज मी तेच करत होते!"

"पण यात दोरा कसा..."

"सरका," बाई म्हणाल्या.

सुईत दोरा ओवणारे हात ते. पाटीवर उरलेले दोन ट्रान्झिस्टर जपून काढून उघड्या तारेचे छोटे तुकडे मोजसाहेबांनी ट्रान्झिस्टरच्या जागी तेवढे सोल्डर करून दिले, आणि बाईंनी त्या तारा ट्रान्झिस्टरच्या पायांना दोन-दोन वेढे देऊन नुसत्या गुंडाळल्या. काढायला एक क्षण, घालायला दोन. पाय तुटलेला पहिला बाजूला राहिला आणि त्याच्या जागी चौथा आला. रेडिओ गप्प. दुसऱ्याच्या जागी पाचवा घातला. गप्प. पाचवा तसाच ठेवून तिसऱ्याच्या जागी सहावा घातला, आणि बटण फिरवल्याबरोबर टेबलावर तेल तापल्यासारखी चरचर झाली. त्या चरचरीतून एका माणसाचा आवाज वर आला. तो जनावरांना लस केव्हा टोचावी, हे सांगत होता.

या घरात कधी मांजरसुद्धा पाळलेलं नव्हतं. पण दोघंही उभ्यानं ते भाषण ऐकत राहिली.

"म्हणजे तिसरा!" बाई म्हणाल्या. "तिसरा मेलेला!"

"थांबा. एकदा झालं ते योगायोगानंही होतं," असं म्हणून मोजसाहेबांनी सहावा काढून तिसरा परत घातला. गप्प. पुन्हा सहावा. आवाज. पुन्हा तिसरा. गप्प. मग सहावा घालून, पाचवा काढून दुसरा परत घातला, तर रेडिओ बोलतच होता, म्हणजे दुसरा निर्दोष. बाई पुढं वाकून बघत होत्या आणि मोजसाहेबांच्या चेहऱ्यावर नोकरीतला जुना उजेड आला होता. त्यांनी आणखी दोनदा खात्री केली.

"आता पुरे," बाई म्हणाल्या. "त्या बिचाऱ्याचं बोलणं तुटतंय. घटसर्पाचं नीट कळलं नाही मला."

बाईंनी सांगितलं तसं संध्याकाळी पक्कं सोल्डर झालं. या वेळी कुठं भोक पडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजसाहेबांनी आपलं सामान टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात नीट रचलं आणि तिथून उठले. कोपरा त्यांचा झाला होता, पण आठ मुली कात्र्या घेऊन येणार आणि आपण मधे रेडिओ घेऊन बसायचं, हे त्यांना बरं दिसेना. टोपी घेऊन ते दाराशी गेले. खाली बाकावरचे तिघे आधीच सरकून बसले होते.

"कुठं निघालात?" बाईंनी आतून विचारलं.

"खाली. तुमचा वर्ग आहे."

"म्हणून तर विचारतेय." बाई तोंडातल्या टाचण्या काढून बाहेर आल्या. "हे बघा, कच्चा दोरा कसा घालायचा, ते मी दाखवीन. पण पोरी विचारतात, आधी कशाला घालायचा, डबल काम कशाला? मी म्हणते, मी सांगते म्हणून. बावीस वर्षं मला त्याचं कारण सांगता आलेलं नाही. का घालायचा, ते आज तुम्ही सांगा. तो तिसरा दाखवा, पाय तुटलेला दाखवा, सगळं दाखवा."

मोजसाहेबांनी टोपी खुंटीला अडकवली. मग कोपऱ्यातून तिसरा आणि पाय तुटलेला, असे दोन्ही नग उचलून तळहातावर घेतले.

"आणि ती चूक कोणाची होती, ते सांगू?"

"भागाची होती म्हणून सांगा," बाई म्हणाल्या. "पोरींनाही कोणीतरी हे वेळेवर सांगायला हवं."